एकट्यानं सॉफ्टवेअर विकायचंय? आधी गिऱ्हाइकाच्या वहीशेजारी बसा



मागच्या रविवारच्या व्हिडिओत आपण "एकट्या माणसाला सॉफ्टवेअरचा धंदा जमतो का?" हा विषय घेतला होता. व्हिडिओत आकडेमोड नीट दाखवता आली नाही, आणि दोन उदाहरणं घाईत उरकली. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

दर बॅचला वर्ग संपला की दोन-तीन जण मागे थांबतात. "ताई, एका ॲपची आयडिया आहे. फक्त एक चांगला डेव्हलपर मिळवून द्या." मी एकच विचारते, "तुझे पहिले पाच गिऱ्हाईक कोण? नावं सांग." पोरगं गप्प. मग म्हणतं, "ताई, सगळेच दुकानदार घेतील की."

हे "सगळेच" फार महागात पडतं. मला किती पडलं ते आधी सांगते.

माझे १ लाख ४० हजार

२०१९ साली मी एक ॲप बनवून घेतलं. बिल, स्टॉक, उधारी, ऑफरचे मेसेज, सगळं एकात. कुठल्याही दुकानाला चालेल असं. आठ महिने काम चाललं आणि १ लाख ४० हजार गेले, त्यातले ६० हजार आईच्या भिशीचे.

ॲप तयार झाल्यावर राहुरीतल्या आमच्या ओळीतल्या ११ दुकानदारांनी ते फोनमध्ये टाकून घेतलं. शेजारधर्म म्हणून. महिन्यानंतर वापरणारा एकच उरला, माझा मामा. तोही मी दुकानात शिरले की फोन काढायचा, एरवी त्याची लाल वहीच चालू असायची. किराणावाल्याला वजनाचं बिल हवं होतं, कापडवाल्याला मीटरचं, औषधवाल्याला बॅच आणि एक्स्पायरी. माझ्या ॲपमध्ये सगळं थोडं थोडं होतं आणि कुणाचंच काम पूर्ण होत नव्हतं. दुरुस्ती करायची म्हटलं तर डेव्हलपरला तोवर नोकरी लागली होती आणि कोड त्याच्याकडेच होता. आमच्यात कागद काहीच नव्हता. तिथं विषय संपला.

गंमत अशी, की त्याच काळात माझ्या स्वतःच्या काउंटरवर दरवर्षी एक डोकेदुखी येत होती आणि मी तिच्याकडे बघतही नव्हते. माझं स्टेशनरीचं दुकान. जूनमध्ये पालक शाळेची यादी घेऊन येतात. पाचवी सेमी, सातवी मराठी माध्यम, इतक्या दोनशे पानी वह्या, इतक्या चौकटीच्या, अमुक नकाशावही. एक यादी काढायला मुलीला वीस मिनिटं लागायची आणि बाहेर रांग. त्या उन्हाळ्यात मी स्वतःच एक एक्सेल शीट केली. शाळा निवडा, इयत्ता निवडा, सेट आणि बिल तयार. वीस मिनिटांचं काम चार मिनिटांवर आलं.

होलसेलवाल्याच्या माणसानं ते बघितलं आणि दुसऱ्या तालुक्यातल्या एका दुकानदाराला सांगितलं. त्याचा फोन आला, "ताई, ते शीट मला द्याल का? पैसे देतो." ॲप विकायला मी अकरा दुकानं फिरले होते. इथं माणूस स्वतःहून पैसे देतो म्हणत होता. आज ३१ दुकानं ते वापरतात, वर्षाला २,५०० रुपये प्रत्येकी. म्हणजे ७७,५०० रुपये. यावर घर चालत नाही, पण माझ्या दुकानाचं भाडं निघतं.

या दोन अनुभवांतून एकच गोष्ट शिकले, आणि आजचा धडा तोच आहे: एकट्या माणसाचं सॉफ्टवेअर चालतं ते त्याला एका धंद्याची एक अडचण आतून माहीत असते म्हणून. कोड लिहिणारा माणूस मिळतो. आता तर एआयला सांगून बराचसा कोड लिहून घेता येतो. पण सातवीच्या यादीत कुठे अडकायला होतं, हे काउंटरवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता माझ्यापेक्षा कितीतरी मोठी दोन उदाहरणं बघू.

उदाहरण पहिलं: कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान

क्विक हील हे नाव तुम्ही ऐकलंच आहे. संगणकातला व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर. हे पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून उभं राहिलं. कैलास काटकर मूळ सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर कामाला लागले, काम शिकले, आणि १९९०च्या सुमारास पुण्यात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे संगणक आले तसे संगणकही दुरुस्त करू लागले. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली.

आता लक्ष द्या. दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच संगणकांत बिघाड नसायचाच, व्हायरस असायचा. ही गोष्ट त्यांना सर्व्हे करून कळली नाही, रोज टेबलावर येऊन पडत होती. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्या व्हायरसवर प्रोग्राम लिहायला सुरुवात केली, आणि १९९५ मध्ये डॉसवर चालणारं पहिलं क्विक हील आलं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे तर दोघं भाऊ होते, एकटा कुठे? बरोबर. पण कामाची वाटणी बघा. एक जण बनवणारा, एक जण गिऱ्हाइकासमोर उभा राहणारा. तुम्ही एकटे असाल तर ही दोन्ही कामं तुमच्याच अंगावर आहेत. बहुतेक जण पहिलं काम करतात आणि दुसरं टाळतात, कारण दुसऱ्यात नकार ऐकावा लागतो.

दुसरी गोष्ट, माल पोचवायचा रस्ता. त्यांनी हार्डवेअर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांमार्फत सॉफ्टवेअर विकलं. संगणक बिघडला की माणूस ज्याला फोन करतो, तोच सांगणार, "हे टाकून घ्या." माझ्या शीटच्या बाबतीत हे काम होलसेलवाल्याच्या माणसानं केलं, मला न सांगता.

आणि तिसरी, वेळ. २००७ मध्ये कंपनीचं नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूक कंपनीनं ६० कोटी गुंतवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. १९९५ ते २०१६, म्हणजे एकवीस वर्षं. सुरुवातीला घर कशावर चाललं? दुरुस्तीवर. म्हणून चालू धंदा बंद करून सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. दुकान हाच तुमचा गुंतवणूकदार.

उदाहरण दुसरं: आपल्या शेजारच्या आष्टीचा माणूस

बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका आपल्या जिल्ह्याला खेटून आहे. तिथल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत. दहावीनंतर आयटीआय, मग पुणे. इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसमध्ये ऑफिस बॉयचं काम. तिथं संगणकावर बसणारी माणसं बघून त्यांनी चौकशी केली आणि डिग्री नसताना जमेल असं ग्राफिक डिझाइन आणि ॲनिमेशन शिकून घेतलं. पुढे हैदराबादला काम करताना प्रोग्रामिंगही शिकले.

त्यांनी पकडलेली गोष्ट प्रत्येक सेवा देणाऱ्यानं लक्षात ठेवावी. डिझाइनच्या कामात तेच तेच पुन्हा करावं लागतं. तसलंच पोस्टर, तशीच नावाची हालचाल, तोच इफेक्ट. मग एकदा नीट साचा करून ठेवला, तर तो अनेकांना विकता येतो. टेम्पलेट म्हणजे साचाच. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी सुरू केली, आणि पुढे लोकांना स्वतःच डिझाइन करता येईल असं सॉफ्टवेअर बनवलं. कोरोनाच्या काळात गावी यावं लागलं तेव्हा गोठ्याच्या जागेत ऑफिस थाटलं आणि गावातल्या पोरांना शिकवून कामाला घेतलं. २०२४ मध्ये शार्क टँक इंडियात अमन गुप्तांनी १० टक्के हिश्श्यासाठी १ कोटी देण्याचं कबूल केलं.

बातमीत लोकांना एक कोटी दिसतात. मला त्याआधीची वर्षं दिसतात. आधी दुसऱ्यांसाठी काम, त्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग ओळखणं, मग त्याचा साचा, आणि सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअर. क्रम बघा, सॉफ्टवेअर शेवटी आलंय.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. पीटर लेव्हल्स नावाचा एक डच माणूस एकटाच सॉफ्टवेअर बनवून विकतो. लॅपटॉप घेऊन कुठल्या शहरात स्वस्तात राहून काम करता येईल, हे सांगणारी त्याची नोमॅड लिस्ट २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ती नुसती एक ऑनलाइन शीट होती. लोक त्यात स्वतःहून माहिती भरायला लागले, तेव्हा त्याला कळलं की याची गरज आहे. मग त्यानं साइट बनवली.

आपल्या गावात हे कसं करायचं?

एक उदाहरण धरून चालू. मंडप आणि भांडी भाड्यानं देणारा. लग्नसराईत याच्या ४०० खुर्च्या जातात आणि ३८८ परत येतात. बारा कुठे गेल्या? एक पातेलं या गावात, झारा त्या गावात. वहीत नोंद आहे, पण वही गोदामात आणि मालक टेम्पोत. हिशेब मिटवताना वाद, आणि शेवटी "जाऊ द्या भाऊ" म्हणून नुकसान सोडून द्यायचं.

पायरी १. वहीशेजारी बसा. सलग तीन दिवस. प्रश्न विचारू नका, बघा. "तुम्हाला ॲप हवंय का?" असं विचारलं तर माणूस भिडेपोटी हो म्हणणारच. त्याऐवजी वहीत खाडाखोड कुठे आहे ते बघा. जिथं खाडाखोड, जिथं वाद, जिथं तो कपाळाला हात लावतो, तिथं तुमचं काम आहे.

पायरी २. एकच काम निवडा. मंडपवाल्याला बिल, जीएसटी, कामगारांची हजेरी हे सगळं लागतं. तुम्ही फक्त "काय गेलं, काय परत आलं" एवढंच घ्या.

पायरी ३. ते काम आधी हातानं करून द्या. एक शीट आणि व्हॉट्सॲप पुरे. माल चढवताना फोटो, उतरवताना फोटो, संध्याकाळी तुम्ही हिशेब पाठवायचा. एक महिना. यात कोड शून्य. पण महिन्याच्या शेवटी त्याला फायदा झाला की नाही ते कळतं.

पायरी ४. पैसे मागा. ५०० रुपये का होईना. फुकट वापरणारा कौतुक करतो, पैसे देणारा तक्रार करतो. तुम्हाला तक्रार हवी आहे. पाच मंडपवाले पैसे देत नाहीत तोपर्यंत डेव्हलपरला फोन करायचा नाही.

पायरी ५. मग बनवा. आणि ॲपच पाहिजे असं नाही, साधं वेब पेजही चालतं. गुगल प्लेवर जायचं असेल तर डेव्हलपर खात्याची एकदाच भरायची फी २५ डॉलर आहे. नव्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. काहींना हा नियम जाचक वाटतो, मला तर आवडतो. आपल्या वस्तूसाठी १२ माणसं जमत नसतील तर ते आधीच कळलेलं बरं.

किंमत: इथंच एकटा माणूस मरतो

समजा तुम्हाला महिना २५,००० रुपये हवेत, म्हणजे वर्षाला ३ लाख. तीन रस्ते बघा. धरून चालू की प्रत्येक गिऱ्हाईक महिन्यातून दोनदा फोन करतो आणि एक फोन १० मिनिटं चालतो.

वर्षाला ३,००० रुपये किंमत: १०० गिऱ्हाईक लागतील. महिन्याला २०० फोन, म्हणजे साधारण ३३ तास. रोज सव्वा-दीड तास. जमतं.

वर्षाला १,००० रुपये किंमत: ३०० गिऱ्हाईक. ६०० फोन, १०० तास. महिन्याचे २५ दिवस रोज चार तास फोनवर. दुकान कोण बघणार?

वर्षाला ९९ रुपये किंमत: ३,०३० गिऱ्हाईक. ६,०६० फोन, १,०१० तास. तीस दिवसांच्या महिन्यात एकूण तासच ७२० असतात!

ज्यांच्या पाठीशी गुंतवणूकदाराचे कोट्यवधी आहेत ते फुकट देऊ शकतात. तुम्ही त्यांच्याशी किमतीत भांडू नका. तुम्ही विकताय ते हे, की फोन केला तर मराठीत बोलणारा माणूस उचलतो आणि त्याला झारा म्हणजे काय ते कळतं. त्याचे ३,००० रुपये होतात. मंडपवाल्याच्या वर्षभरात हरवणाऱ्या खुर्च्या मोजा, मग तुम्हालाच पटेल.

आणि प्रत्येक फोन वहीत लिहून ठेवा. एकच प्रश्न पाच जणांनी विचारला तर चूक सॉफ्टवेअरमध्ये आहे, गिऱ्हाइकात नाही. तो भाग दुरुस्त केला की पुढच्या महिन्याचे फोन कमी.

कागद: मी केलेली चूक तुम्ही करू नका

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, संगणक प्रोग्रामला संरक्षण आहे. पण एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा होतो. बाहेरच्या माणसाला काम देऊन लिहून घेतलेला कोड मात्र, तसं लिहून घेतलं नसेल तर, लिहिणाऱ्याचाच राहतो. तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी. मला हे नंतर वकिलांनी सांगितलं.

म्हणून काम सुरू करण्याआधीच सहीचा करार करा, आणि त्यात हक्क तुमच्या नावे दिल्याचं स्पष्ट लिहा. मुदत आणि प्रदेशही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच धरतो. शिवाय कोडची प्रत, सर्व्हरचा पासवर्ड आणि डोमेन पहिल्या दिवसापासून तुमच्या स्वतःच्या खात्यात ठेवा. डेव्हलपर वाईट असतो असं नाही. माझाही वाईट नव्हता. त्याला नोकरी लागली, एवढंच.

बाकी नोंदणीचं फार टेन्शन घेऊ नका. सॉफ्टवेअरची वर्गणी ही सेवा आहे, आणि सेवेसाठी जीएसटी नोंदणीची साधारण मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. पण ही मर्यादा तुमच्या दुकानासकट सगळी उलाढाल धरून मोजतात, त्यामुळे सीएंना एकदा विचारा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि गिऱ्हाइकांच्या गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्याकडे येणार असतील तर ते विनापरवानगी कुठंही वापरायचे नाहीत. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि कायदा नसता तरी गावात विश्वास एकदाच जातो.

थांबायचं कधी?

हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. सुरू करतानाच दोन आकडे वहीत लिहा: जास्तीत जास्त किती रुपये घालणार आणि किती महिने देणार. समजा ३०,००० आणि सहा महिने. त्या मुदतीत पैसे देणारे पाच गिऱ्हाईक झाले नाहीत तर ती कल्पना बाजूला ठेवा. मी २०१९ मध्ये हा आकडा लिहिला नव्हता, म्हणून दर महिन्याला "अजून थोडे घातले की होईल" असं म्हणत राहिले. आईला भिशीचे पैसे परत द्यायला मला दोन वर्षं लागली. तिनं कधी मागितले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

गृहपाठ

१. तुमच्या घरापासून १० किलोमीटरच्या आतले, तुम्हाला आतून माहीत असलेले तीन धंदे लिहा. कृषी सेवा केंद्र, दूध संकलन, नर्सरी, टेलरिंग, काहीही.

२. प्रत्येकापुढे त्या धंद्यातली पुन्हा पुन्हा येणारी एक डोकेदुखी लिहा. "सॉफ्टवेअर नाही" ही डोकेदुखी नव्हे.

३. त्यातला एक निवडा आणि पाच मालकांची नावं लिहा. धंद्याचा प्रकार चालणार नाही, माणसांची नावं हवीत.

४. या आठवड्यात त्यातल्या एकाच्या वहीशेजारी अर्धा दिवस बसा. चहा तुमच्याकडून.

पाच नावं लिहिता आली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचे १ लाख ४० हजार वाचले असं समजा, आणि दुसरा धंदा निवडा.

पुढच्या व्हिडिओत पायरी ३ करून दाखवणार आहे. एका मंडपवाल्या दादांची परवानगी मिळाली आहे, त्यांच्याच गोदामातून. खुर्च्या मोजायला तयार राहा.

भेटूया.